बाळाचे लसीकरण आणि साथीची तयारी: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील तालुक्यांमधून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये आईवडील आहेत, तसेच आशाताई, शिक्षक, ऊसतोड टोळ्यांचे मुकादम आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत. त्यामुळे काही प्रश्न घरातले आहेत, तर काही थेट आफ्रिकेपर्यंत पोहोचणारे आहेत. एकच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आजारी बाळाबाबतचा निर्णय मात्र हे पान वाचून घेऊ नये, डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.

१. सरकारी दवाखान्यात बाळाला कोणत्या लशी मिळतात, कधी मिळतात आणि पैसे किती लागतात?

पैसे लागत नाहीत. जन्मानंतर लगेच क्षयरोगाविरुद्धची बीसीजी, पोलिओच्या थेंबांचा जन्मावेळचा ‘शून्य’ डोस आणि कावीळ-ब ची लस दिली जाते; यांपैकी कावीळ-ब ची लस २४ तासांच्या आत मिळणे महत्त्वाचे असते. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पोलिओचे थेंब, जुलाबाविरुद्धची रोटाव्हायरस (रोटा) आणि पेंटाव्हॅलंट (पेंटा) या लशी असतात. पेंटा या एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (न्यूमोनिया व मेंदूज्वर करणारा एक जिवाणू) अशा पाच रोगांविरुद्धचे संरक्षण असते. ६ व्या आणि १४ व्या आठवड्याला त्यांच्या जोडीला न्यूमोनियाविरोधी पीसीव्ही आणि टोचून द्यावयाची पोलिओ लस येते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, टोचायच्या पोलिओ लशीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर. आणि १० व्या व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी. शेवटचे तीन टप्पेच सर्वाधिक विसरले जातात. त्याचा परिणाम प्रश्न १६ मध्ये दिला आहे.

२. एकाच दिवशी तीन सुया बाळाला झेपतात का?

झेपतात. बाळाच्या शरीराचा जन्मापासूनच रोज असंख्य जंतूंशी संबंध येतो; त्या मानाने तीन लशींचा भार अगदी किरकोळ आहे. सुया वेगवेगळ्या जागी टोचतात आणि दुखणे एका दिवसात आटोपते. “आज एक द्या, उरलेल्या पुढच्या वेळी” अशी विनंती अनेक आजी करतात. तिच्यामागची माया समजण्यासारखी आहे, परंतु ती पुढची वेळ पुष्कळदा येतच नाही.

३. लस दिल्यावर ताप आला, मांडी सुजली. लस बाधली का?

नाही. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येणे, टोचलेली जागा लाल होणे किंवा दुखणे आणि बाळ किरकिरे होणे या अपेक्षित गोष्टी आहेत. डॉक्टरांनी किंवा आरोग्यसेविकेने वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. सुईच्या जागी हळद, तेल किंवा कसलाही लेप लावू नये. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी बारीक फोड येतो, तो फुटतो आणि वण राहतो. तो फोड चिरण्याची किंवा त्यावर औषध लावण्याची गरज नसते. वण न उठल्यास बीसीजी पुन्हा देत नाहीत. लशीनंतर केंद्रावर अर्धा तास थांबवून घेतात, कारण अत्यंत विरळ असणारी तीव्र ॲलर्जी आली तर ती बहुधा याच वेळेत येते आणि तिच्यावरचे औषध तेथे असते. झटका येणे, बाळ निपचित पडणे किंवा सलग काही तास न थांबणारे रडणे ही मात्र तातडीने दवाखाना गाठण्याची कारणे आहेत.

४. बाळाला सर्दी आहे, जुलाब होत आहेत किंवा ते कमी दिवसांचे आहे. लस पुढे ढकलावी का?

सर्दी, खोकला, साधे जुलाब किंवा किरकोळ ताप असल्यास लस थांबवू नये. कमी दिवसांच्या बाळाचे वय लशीसाठी जन्मतारखेपासूनच मोजतात. कमी वजनाच्या बाळाला तर या रोगांचा धोका अधिक असल्याने त्याला थांबवणे उलटे ठरते. रुग्णालयात दाखल करावे लागेल इतके मूल आजारी असेल किंवा त्याच लशीच्या मागील डोसानंतर गंभीर त्रास झाला असेल, तर निर्णय डॉक्टरांचा असतो. प्रतिकारशक्तीच्या आजारांविषयी प्रश्न १९ पाहावा.

५. दोन डोस चुकले आहेत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

नाही. जेथे थांबला असाल तेथून पुढे चालू करावे. दिलेला डोस वाया जात नाही. एकाच लशीच्या दोन डोसांत बहुधा किमान चार आठवड्यांचे अंतर लागते, इतकेच. मात्र काही लशींना वयाची अट आहे: बीसीजी एक वर्षापर्यंत देतात, पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसापूर्वी मिळाला असेल तर उरलेले डोस नंतरही पूर्ण करतात, गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत, तर डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. “उशीर झाला, आता सिस्टर रागावतील” या संकोचाने घरी बसणारे पालक कमी नाहीत. उशिरा आलेल्या आईला चारचौघांत बोल लावणाऱ्या केंद्रांनीही याचा विचार करायला हवा, कारण तसे एकदा झाले की ती आई पुढच्या बाळालाही आणत नाही.

६. लसीकरण कार्ड हरवले आहे किंवा पावसात भिजले आहे. आता काय करावे?

ज्या केंद्रावर लस घेतली तेथील नोंदवहीत आणि यू-विन या सरकारी पोर्टलवर नोंद सापडू शकते. तेथे नोंदवलेला मोबाइल क्रमांक सोबत न्यावा. नोंद कोठेच सापडली नाही आणि आईलाही नक्की आठवत नसेल, तर डोस मिळालेलाच नाही असे धरून वयानुसार लस देतात. आधी मिळालेली लस पुन्हा दिली गेल्याने अपाय होत नाही, परंतु न मिळालेली लस मिळाली असे समजल्याने होऊ शकतो.

७. आम्ही ऊसतोडीसाठी आलो आहोत, आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. येथे लस मिळेल का?

मिळेल. ज्या दिवशी, ज्या गावी बाळ असेल तेथील सत्रात लस मिळण्याचा त्याला हक्क आहे. त्यासाठी रहिवासी दाखला किंवा स्थानिक रेशनकार्ड लागत नाही. कर्नाटकातून अक्कलकोट-मंगळवेढ्याकडे कामासाठी आलेल्यांनाही हेच लागू आहे.

खरी अडचण हक्काची नसून यादीची असते. दिवाळीच्या आसपास टोळ्या माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा या भागांतील कारखान्यांवर उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाचा नऊ महिन्यांचा डोस नेमका फडावर असताना येतो. गावच्या यादीत ते बाळ “स्थलांतरित” असते, कारखान्याच्या गावातील यादीत त्याचे नावच नसते आणि दोन्हीकडचे अहवाल पाहिले तर सर्व काही ठीक दिसते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टोळी उतरल्यानंतर पहिल्या आठवड्यात आशाताई आणि मुकादमाने मिळून कोपीवार (टोळीच्या झोपडीनुसार) पाच वर्षांखालील मुलांची नावे लिहून काढणे. कोणत्या कोयत्यात (तोडणी करणाऱ्या जोडीत) किती माणसे आहेत हे मुकादमाला तोंडपाठ असते; त्याला मुलांविषयी विचारले जात नाही, एवढेच.

८. खाजगी दवाखान्यातील लस अधिक चांगली असते का?

राष्ट्रीय कार्यक्रमातील लशी गुणवत्तेत कमी नसतात. त्यांतील बऱ्याच लशी त्याच भारतीय कंपन्यांच्या असतात. खाजगीत गोवर-रुबेलासोबत गालगुंडाचा अंश असलेली एमएमआर, कांजिण्यांची लस, कावीळ-अ ची लस, कमी ताप आणणारी डांग्या खोकल्याची लस असे पर्याय मिळतात. परवडत असल्यास ते जरूर घ्यावेत. काही डोस इकडे आणि काही तिकडे घेतले तरी बिघडत नाही, परंतु सर्व नोंदी एकाच कार्डावर असाव्यात. एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी: दवाखान्यात लशी घरगुती फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलेल्या दिसल्यास शंका विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

९. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. लस खेड्यापर्यंत पोहोचेपर्यंत खराब होत नाही का?

लशी २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत हे तापमान सांभाळणाऱ्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आयएलआर या खास शीतपेटीच्या भिंतींमध्ये बर्फाचे अस्तर असल्याने वीज गेली तरी ती बराच वेळ थंड राहते. तेथून उपकेंद्रापर्यंत आणि वस्तीपर्यंत लस आइस पॅक भरलेल्या कॅरियरमधून जाते.

उन्हाळ्याची भीती सर्वांनाच असते, पण गोठण्याने होणारे नुकसान फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. पोलिओचे थेंब, बीसीजी आणि गोवर-रुबेला यांना उष्णता मारते. पेंटा, कावीळ-ब, पीसीव्ही, टीडी आणि टोचायची पोलिओ लस यांना गोठणे मारते. म्हणूनच जाणती आरोग्यसेविका डीप फ्रीजरमधून काढलेले आइस पॅक थेट कॅरियरमध्ये भरत नाही. ते ओट्यावर मांडून ठेवते, त्यांना घाम फुटू देते, कानाशी हलवून आत पाणी खळखळते आहे का ते ऐकते आणि मगच कॅरियर भरते. बाहेर थांबलेल्यांना हा उशीर वाटतो. प्रत्यक्षात तीच लशीची राखण असते.

कुपीवरही एक साक्षीदार असतो. व्हीव्हीएम नावाच्या त्या खुणेत जांभळट वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन असतो. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेपर्यंत लस वापरता येते. दोन्ही सारखे दिसू लागले की कुपी बाद होते. ही खूण उष्णता सांगते, गोठणे सांगत नाही, हे लक्षात ठेवावे.

१०. सिस्टरनी गोवराची कुपी दोन मुलांसाठी फोडली नाही, पुढच्या सत्राला या म्हणाल्या. हे योग्य आहे का?

योग्य नाही. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लशी पुडीच्या रूपात येतात. सोबतच्या डायल्युअंट या द्रवात विरघळवल्यावर त्या चार तासांत संपवाव्या लागतात आणि उरलेल्या फेकाव्या लागतात. पेंटा, पीसीव्ही, टीडी यांसारख्या कुप्या उघडल्यानंतर योग्य रीतीने ठेवल्यास चार आठवडे चालतात. त्यामुळे वाया जाण्याची भीती पहिल्या प्रकारातच असते. परंतु आलेल्या एका मुलासाठीही कुपी उघडावी असेच धोरण आहे. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब विचारला जातो आणि परत गेलेल्या आईचा कोणी विचारत नाही. ही वृत्ती वरून बदलल्याशिवाय खालच्या सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

११. ‘शून्य डोस मूल’ म्हणजे काय? गरीब देशांविषयीच्या बातम्यांत हा शब्द सतत येतो.

डीपीटी असलेल्या लशीचा, म्हणजे आपल्याकडे पेंटाचा, पहिला डोसही न मिळालेले मूल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ४५ लाख मुले होती. पहिलाच डोस न मिळालेल्या घरापर्यंत बहुधा पाणी, पोषण, प्रसूतीची सोय यांपैकीही फारसे काही पोहोचलेले नसते. म्हणून हा आकडा केवळ लशीचा मानला जात नाही.

कोविडच्या काळात ही घसरण स्पष्ट दिसली: २०२१ मध्ये डीपीटीचे तीन डोस पूर्ण करणाऱ्या बालकांचे जागतिक प्रमाण ८१ टक्क्यांवर आले. भारताची लोकसंख्याच मोठी असल्याने टक्केवारी चांगली असूनही शून्य डोस मुलांच्या संख्येत आपला वाटा मोठा राहतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले मिशन इंद्रधनुष हे अशाच सुटलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या मुलांसाठी आहे.

१२. आमच्या प्रभागात ९० टक्के लसीकरण झाले आहे. तरीही गोवराची साथ कशी येते?

गोवराचा एक रुग्ण, कोणालाच संरक्षण नसलेल्या समाजात, १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. त्यामुळे साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळणे आवश्यक असते. नव्वद टक्के ऐकायला भरघोस वाटतात, म्हणून हिशेबच मांडू. एखाद्या भागात वर्षाला १,००० बाळे जन्मतात असे धरा. ९०० जणांना नऊ महिन्यांचा डोस मिळाला. या वयात एका डोसाने सुमारे ८५ टक्के बाळांनाच संरक्षण मिळते, म्हणजे ७६५ बाळे सुरक्षित झाली आणि २३५ उघडी राहिली. दुसरा डोस नसेल तर चार वर्षांत ही संख्या ९४० होते, म्हणजे जवळपास एका पूर्ण वर्षाची बाळे. तेवढ्यात बाहेरगावाहून एक रुग्ण आला की पुरे. दर तीन-चार वर्षांनी गोवर “अचानक” येतो, त्यामागे हा साचत गेलेला आकडा असतो.

शिवाय ही मुले प्रभागभर सारखी पसरलेली नसतात. पूर्व भागातील एखाद्या बोळात सर्व मुलांना लस मिळालेली असते आणि शेजारच्या नव्या, अजून कोणत्याही यादीत न आलेल्या झोपड्यांत निम्म्यांनाही नसते. सरासरी ९० टक्के येते आणि साथ त्या झोपड्यांतून सुरू होते. मुंबईत २०२२ मध्ये गोवंडी परिसरातून पसरलेल्या गोवरात हेच दिसले.

लस घेतलेल्या मुलालाही कधी गोवर होतो, कारण एका डोसाने सर्वांनाच संरक्षण मिळत नाही. तो सहसा सौम्य असतो. “लस घेऊनही झाला, मग उपयोग काय?” असे विचारणाऱ्यांनी उरलेली ७६५ बाळेही मोजावीत.

१३. आमच्या वस्तीतील बायका विड्या वळतात. सत्राच्या वेळी त्या येत नाहीत. त्यांना कसे समजवावे?

समजावण्यापूर्वी घड्याळ पाहावे. विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांवर ठरते. सकाळी ती तयार विड्या कारखान्यात देऊन पाने आणि तंबाखू घेऊन येते. सत्र नेमके त्याच वेळी असेल, तर बाळाची लस म्हणजे तिच्यासाठी बुडालेला रोज असतो. विडी घरकुलासारख्या वसाहतींत किंवा यंत्रमागाच्या वस्त्यांत सत्राची वेळ दुपारनंतर ठेवणे किंवा माल देण्याच्या जागेजवळच सत्र भरवणे हे प्रबोधनाच्या दहा फलकांपेक्षा अधिक काम करते. फलकच लावायचे असतील, तर ते तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावेत. सोलापुरात हे सांगावे लागू नये, तरी सांगावे लागते.

याचा पुरावा राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात मिळाला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या व्यवस्थेतील गावांमध्ये जेमतेम ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण होते. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवल्यावर ते १८ टक्क्यांवर गेले. शिबिरासोबत प्रत्येक डोसाला एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिल्यावर ते सुमारे ३९ टक्के झाले. डाळ देऊनही एका बाळामागचा खर्च कमी झाला, कारण परिचारिकेचा दिवस रिकामा जात नव्हता. “डाळीच्या लोभाने येतात” असे नाक मुरडणाऱ्यांना रोज बुडण्याचा अर्थ ठाऊक नसावा. तरीही डाळ हा पहिला उपाय नव्हे; ठरल्या वेळी उघडलेले केंद्र हा पहिला उपाय आहे.

१४. लशीने नपुंसकत्व येते, स्वमग्नता येते असे संदेश फिरतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

लशीने वंध्यत्व येत नाही. गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध खोटा ठरला, २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला आणि त्याच्या मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवाना रद्द झाला.

अफवेची किंमत मात्र खरी असते. नायजेरियाच्या उत्तरेकडील कानो राज्याने २००३ मध्ये अशाच संशयाने पोलिओ लसीकरण थांबवले; तेथून विषाणू पोलिओमुक्त झालेल्या अनेक देशांत पुन्हा पोहोचला. सामोआ या सुमारे दोन लाख लोकसंख्येच्या बेटावरील देशात २०१८ मध्ये दोन बाळे लसीकरणानंतर दगावली. लशीत दोष नव्हता. पुडीत डायल्युअंटऐवजी मुदत संपलेले स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले होते. परंतु कार्यक्रम कित्येक महिने बंद राहिला, विश्वास उडाला आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. अखेर सरकारला दोन दिवस देश बंद ठेवून, लस न घेतलेल्या घरांवर लाल फडकी लावून दारोदार लसीकरण करावे लागले.

यातून आपल्याकडील अधिकाऱ्यांनी घ्यावयाचा धडा असा की, लशीनंतर काही विपरीत घडल्यास गप्प बसू नये. तपास कोण करत आहे आणि निष्कर्ष कधी कळेल हे त्याच दिवशी वस्तीत जाऊन सांगावे. आणि ते तेथील लोक ज्यांचे ऐकतात त्यांना सोबत घेऊन सांगावे: मौलाना, पुजारी, शाळेच्या बाई, कोणीही.

१५. ‘साथीची तयारी’ म्हणजे नक्की काय? त्यासाठी वेगळा निधी, वेगळे रुग्णालय हवे का?

मोठा भाग वेगळा नसतोच. कोणत्या घरात किती लहान मुले आहेत याची ताजी यादी, ठरल्या दिवशी होणारे सत्र, चालू शीतसाखळी आणि ताप-पुरळाचा रुग्ण दिसताच वर कळवणारी आशाताई या चार गोष्टी नेहमीच्या लसीकरणाच्या आहेत आणि साथ आल्यावर प्रथम याच कामास येतात. नेहमीचे सत्र ज्या वस्तीत नीट होत नाही, तेथे साथीच्या दिवशी बाहेरून आलेले पथक पत्ते विचारत फिरते.

त्यापलीकडे लागते ती पाळत. भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे: गावपातळीवरील कर्मचारी लक्षणे कळवतात, डॉक्टर संशयित रुग्ण कळवतात आणि प्रयोगशाळा निदान कळवते. जगात आता ७-१-७ असे माप वापरले जाते: साथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ती ओळखावी, एका दिवसात कळवावी आणि पुढील सात दिवसांत प्राथमिक उपाय उभे करावेत. आपल्याकडे पहिला सातच बहुधा चुकतो, कारण खाजगी डॉक्टरांकडे आलेले पहिले चार-पाच रुग्ण कोणी कळवतच नाही.

एका साथीच्या धावपळीत दुसरी आत शिरते, हेही तयारीत धरावे लागते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात २०१८ ते २०२० या काळात इबोलाने २,२८७ बळी घेतले. त्यावर जगाचे लक्ष होते. त्याच देशात त्याच सुमारास गोवराने ६,००० हून अधिक जणांचा, बहुतांशी बालकांचा, जीव घेतला. गोवराची लस तर अनेक दशकांपासून उपलब्ध होती.

१६. घटसर्प लहान बाळांना होतो, मग दहा वर्षांच्या मुलांत रुग्ण का आढळतात?

कारण पेंटाचे तीन डोस झाल्यावर पालक आणि यंत्रणा दोघेही निवांत होतात. संरक्षण काही वर्षांत उतरत जाते, म्हणूनच प्रश्न १ मधील बूस्टर आहेत. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डोस चुकलेली मुले शाळेत एका बाकावर येतात आणि रोग त्यांच्यात फिरतो. नायजेरियात डिसेंबर २०२२ पासून घटसर्पाची मोठी साथ पसरली, तीही कानोपासूनच. या रोगावर प्रतिविष वेळेत द्यावे लागते आणि जगभर त्याचा साठा अपुरा असतो. उपचाराचा भरवसा धरून बूस्टर टाळणे धोक्याचे आहे. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शिक्षकांनी लसीकरण कार्ड मागून पाहिले आणि चुकलेल्यांची नावे आरोग्यसेविकेला दिली, तर हे काम एका आठवड्यात होते. मात्र कार्ड नाही म्हणून प्रवेश नाकारू नये.

१७. मुलाला ताप आहे आणि अंगावर पुरळ उठले आहे. घरी लिंबाचा पाला ठेवून वाट पाहावी का? आणि घरातील सात महिन्यांच्या बाळाला लस मिळेल का?

पाला ठेवायला हरकत नाही, वाट पाहायला आहे. गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत पसरतो. मुलाला शाळेत, लग्नात, सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर नेऊ नये आणि आशाताईंना कळवावे. रक्ताचा नमुना तपासणीस जातो. गोवराच्या प्रत्येक मुलाला जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी मिळायला हवेत. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचण्यास मदत होते. धाप लागणे, पाणी न पिणे, गुंगी किंवा डोळ्यात पांढरेपणा दिसल्यास लगेच रुग्णालयात न्यावे. तोंडाला चव नाही म्हणून खाणे तोडू नये.

नऊ महिन्यांखालील बाळासाठी नियमित वेळापत्रकात गोवराची लस नाही, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्ये तिचा परिणाम कमी करतात. परंतु साथीत अगदी लहान बाळांना लागण होत असेल, तर आरोग्य विभाग सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याचे ठरवू शकतो. २०२२ च्या साथीत तसे केले गेले. हा डोस मोजणीत धरत नाहीत. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा डोस त्यानंतरही द्यावाच लागतो. रुग्णाच्या सहवासात आलेल्या, लस न झालेल्या नऊ महिन्यांवरील मुलाला ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो.

१८. पोलिओ तर संपला, मग रविवारचा डोस अजून कशाला? आणि आषाढीला वारकऱ्यांना कॉलऱ्याची लस का देत नाहीत?

भारतातील जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मात्र विषाणू अजून आहे आणि तेथून तो पुन्हा येऊ शकतो, म्हणून हा डोस. पाकिस्तानातील वाणाशी नाते असलेला विषाणू २०२२ मध्ये थेट आफ्रिकेतील मलावीत सापडला.

कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस आहे, परंतु तिचा जागतिक साठा इतका अपुरा पडला की ऑक्टोबर २०२२ पासून साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला. हा साठा साथीने होरपळणाऱ्या देशांसाठी राखीव असतो. पंढरपुरात लाखो माणसे काही दिवसांसाठी येतात. तेथे पाण्यातील क्लोरीन, टँकरच्या विहिरींची तपासणी, शौचालये आणि जुलाबाचा रुग्ण दिसताच जलसंजीवनी हेच उपाय अधिक उपयोगी आहेत. मुक्कामाच्या गावांनी पालखी येण्यापूर्वी पाणी तपासून घेणे ही आपल्या जिल्ह्याची साथीची तयारीच आहे.

गरीब देशांच्या लशींचा खर्च कोण करतो, हेही अनेकजण याच ओघात विचारतात. २००० मध्ये स्थापन झालेली ‘गावी’ (Gavi) ही आंतरराष्ट्रीय संस्था देणग्यांतून लशी मोठ्या प्रमाणात विकत घेते आणि देशांकडून त्यांच्या उत्पन्नानुसार वाटा घेते. त्यांतील कितीतरी लशी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतात. आफ्रिकेतील मेंदूज्वरासाठी तेथे बनवलेली आणि २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिलेली लस अर्ध्या डॉलरहूनही स्वस्त होती. ती ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस टिकते असे सिद्ध झाल्याने शेवटच्या गावापर्यंत बर्फाविना नेता आली. प्रश्न ९ वाचलेल्यांना तिचे मोल लगेच कळेल.

१९. घरात एका मुलावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. त्याला आणि त्याच्या भावंडांना लस द्यावी का?

उपचार चालू असताना त्या मुलाला बीसीजी, गोवर-रुबेला, रोटा, पोलिओचे थेंब यांसारख्या जिवंत (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) लशी देत नाहीत; पेंटा, पीसीव्ही, टोचायची पोलिओ लस केव्हा द्यायची हे त्याचे डॉक्टर ठरवतात. जास्त मात्रेतील स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असलेल्या मुलांनाही हेच लागू होते. एचआयव्ही असलेल्या मुलाला, प्रतिकारशक्ती फार खालावलेली नसेल तर, गोवर-रुबेलाची लस देतात आणि ती त्याच्यासाठी विशेष गरजेची असते. बीसीजीचा निर्णय मात्र तज्ज्ञांचा असतो.

भावंडांना गोवर-रुबेलासह सर्व लशी वेळेवर द्याव्यात, कारण आजारी मुलाला गोवर बहुधा घरातूनच मिळतो. पोलिओचे थेंब हा यातला अपवाद आहे. थेंब घेतलेल्या मुलाच्या शौचातून लशीतील विषाणू काही आठवडे बाहेर पडतो, त्यामुळे अशा घरात भावंडांना थेंब द्यावेत की टोचायची लस, हे विचारल्याशिवाय डोस घेऊ नये. पोलिओ रविवारी दारात आलेल्या पथकाला घरातील आजाराची कल्पना द्यावी. ते बळजबरी करत नाहीत, नोंद करून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवतात.